मॅकबुक एअर की गेमिंग लॅपटॉप? गोकाकच्या वाटेवरचा हिशेब

गोकाकच्या धबधब्यावर सोनीचा एएक्स43 कॅमकॉर्डर घेऊन गेलो. 20 पट ऑप्टिकल झूममुळे पलीकडच्या कड्यावरचा माणूसही फ्रेममध्ये येतो. पण 4के, 100 एमबीपीएसने (सेकंदाला 100 मेगाबिट) शूट केलं की तासाला 45 जीबी! आता हा ढिगारा परतीच्या बसमध्ये कापायचा, म्हणजे एडिट करायचा, कशावर?

गेमिंग लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड, वर पंखे. लांब एक्सपोर्टला, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढताना, तो दमत नाही. मात्र वजन बहुधा दोन किलोच्या पुढे, चार्जर म्हणजे वीटच. बॅटरीवर त्याचा जोर बराच उतरतो, आणि आमच्या बसमध्ये प्लग कुठला?

2022 चा एम2 चिपचा मॅकबुक एअर 1.24 किलोचा. या कॅमेऱ्याचं एच.264 पद्धतीने दाबलेलं फुटेज चिपमधलं हार्डवेअरच उलगडतं, त्यामुळे एडिट करताना टाइमलाइन अडकत नाही. पंखा नसल्याने लांब एक्सपोर्टला तापून मंदावतो, ते मी रात्री घरी लावून झोपतो. खरी चिडचिड वेगळीच: एसडी कार्डाला खाचच नाही. कार्ड रीडर विसरलात तर बेळगावपर्यंत नुसतं खिडकीबाहेर बघा. आणि 256 जीबी साठवणीचा तर घेऊच नका, किंवा बाहेरची एसएसडी डिस्क जोडीला ठेवा.

बेळगावच्या टिळकवाडीत टेबलावर बसूनच काम करणार असाल तर गेमिंग घ्या. मी एअरवाला. बॅगेत उरलेल्या जागेत कुंद्याचा, आमच्या बेळगावी मिठाईचा, डबा बसतो.