पुण्यालगतच्या एका खासगी मनोरुग्णालयातील मुक्काम: काय मिळाले, काय मागून घ्यावे लागले

गेल्या पावसाळ्यात मी पुण्यालगतच्या एका खासगी मनोरुग्णालयात स्वतःच्या सहीने दाखल झाले होते. मला बायपोलर विकार (मनःस्थिती टोकाची वर-खाली होण्याचा आजार) आहे, झोप जवळजवळ गेली होती आणि गोळ्या बदलण्याच्या काळात मी घरी राहणे डॉक्टरांना सुरक्षित वाटत नव्हते. रुग्णालयाचे नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि त्यांतल्या बहुतेक केवळ त्या एका इमारतीपुरत्या आहेत असे मला वाटत नाही.

अशा ठिकाणी जाताना अपेक्षा नेमकी ठेवली, तर पैसे वसूल होतात. झोप सावरणे आणि औषधाचा डोस बसवणे ही दोन कामे इथे घरापेक्षा कितीतरी चांगली होतात. रात्री नऊला गोळ्या, दहाला दिवे बंद, आणि त्यानंतर रात्रपाळीच्या सिस्टर ठरावीक वेळाने टॉर्च खाली धरून, कोणाच्या तोंडावर उजेड पडू न देता, प्रत्येक खाटेजवळून जात आणि झोपेच्या तक्त्यात नोंद करत. ज्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही असे मला ठाम वाटे, त्या रात्रीही तक्त्यात तीन-चार तास झोप नोंदलेली असे, आणि गोळी वाढवायची की नाही हे डॉक्टर माझ्या सांगण्यापेक्षा त्या नोंदीवरून ठरवत. हा तक्ता रुग्णाला दाखवतात. फक्त मागावा लागतो.

डॉक्टरांचा राउंड चार-पाच मिनिटांत आटोपतो. ‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाला ‘बरं आहे’ असे उत्तर दिले, की त्या दिवसापुरता विषय संपतो. म्हणून आदल्या संध्याकाळी दोन-तीन प्रश्न लिहून ठेवावेत आणि हात थरथरणे, तोंडाला कोरड पडणे, वजन वाढणे असे दुष्परिणाम आधी सांगावेत. वही मात्र शिवलेल्या पानांची न्यावी. स्पायरल वही, ओढणी, सलवारची नाडी, चार्जरची वायर हे सगळे सुरक्षिततेसाठी दाखल होतानाच जमा करून घेतात, आणि त्या दिवशी आधीच कावरेबावरे झालेल्या माणसाला ते अपमानास्पद वाटते. इलॅस्टिकचे कपडे, पट्टे नसलेल्या चपला आणि पुस्तके घेऊन गेलेल्या बाईला त्या टेबलापाशी फारसा वेळ लागत नाही.

लिथियम या मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या माझ्या गोळीबाबत जे शिकायला मिळाले, ते मला मुक्कामातले सर्वांत मोलाचे वाटते. रक्तातील पातळी मोजण्यासाठी नमुना शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी द्यायचा असतो, म्हणून सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच घ्यायची, हे मला बाहेर कोणी नीट समजावले नव्हते. आहारतज्ज्ञ बाईंनी त्यापुढचे सांगितले: मीठ एकाएकी तोडले किंवा अंगातले पाणी कमी झाले तर पातळी वर चढते, म्हणून निर्जळी उपवास टाळायचा, आणि अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेनसारखी गोळी मनाने घ्यायची नाही. आषाढी तोंडावर आली असताना हे ऐकायला मिळणे फार उपयोगाचे ठरले.

समुपदेशन मात्र निराश करणारे होते. माहितीपत्रकात ते रोज असल्याचे छापले आहे. प्रत्यक्षात आठवड्यातून दोनदा, तेही दार उघडे ठेवून आणि मध्येच फोन घेत झाले. ऑक्युपेशनल थेरपीच्या खोलीत कागदी पिशव्या, कॅरम आणि रंगवण्याची चित्रे एवढेच होते. सुरुवातीला मला ते बालवाडीसारखे वाटले, परंतु डोके जड असताना दुपारचे दोन तास हातांना काम मिळते म्हणून तिथे जावेच, असे माझे मत आहे. वॉर्डातल्या मावशींना तर वेगळे गुण द्यायला हवेत. कोण जेवले नाही, हे राउंडच्या आधी त्यांनाच ठाऊक असे.

कायद्याची थोडी माहिती घेऊनच दाखल व्हावे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार स्वतःच्या संमतीने दाखल झालेल्या प्रौढ व्यक्तीने घरी जायचे म्हटले, तर तिला सोडावे लागते. तिची प्रकृती तपासून दुसऱ्या कलमाखाली ठेवण्याची गरज आहे का हे ठरवण्यासाठी फार तर 24 तास थांबवता येते. तरीही माझ्या भावाला ‘डॉक्टर म्हणतील तेव्हाच सोडू’ असे काउंटरवरून सांगण्यात आले. स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क, मासिक पाळीत लागणाऱ्या वस्तू मिळण्याचा हक्क आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमण्याचा हक्क याच कायद्यात आहे, आणि तो येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी येथील सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयांनाही तितकाच लागू आहे. फोनसाठी रुग्णालय वाजवी वेळ ठरवू शकते. इथे ती संध्याकाळची वीस मिनिटे होती, म्हणून नियम लेखी मागितला आणि तो मिळालाही.

विम्याचे काम रखडते. मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यावा असे कायदा सांगतो, पण कॅशलेसची मंजुरी येईपर्यंत आम्हाला डिपॉझिट भरावेच लागले, आणि समुपदेशनाचे वेगळे लावलेले पैसे विमा कंपनीने नाकारले. सेमी-प्रायव्हेट खोलीचे भाडे दिवसाला 3,500 रुपये होते. औषधे आणि तपासण्या त्याखेरीज.

घरी सोडण्याच्या दिवशी फार गडबड असते, म्हणून डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नावे, वेळा, पुढच्या रक्ततपासणीची तारीख आणि तब्येत पुन्हा बिघडू लागल्याची लक्षणे लिहून घेतल्याशिवाय खोली सोडू नये. रात्री-अपरात्री कोणाशी बोलायचे, असे विचारल्यावर मला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिला. तो निःशुल्क आहे आणि चोवीस तास चालू असतो.

पाचपैकी साडेतीन गुण देते. पुन्हा दाखल व्हायची वेळ आली तर इथेच जाईन, पण सेमी-प्रायव्हेट खोलीऐवजी जनरल वॉर्ड घेईन, कारण तिथून सिस्टरांचे टेबल समोर दिसते आणि हाक मारली की कोणीतरी येते. समुपदेशनासाठी बाहेरच्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे जाते.