पाच पदरी गॅन्सी लोकर, आठ महिने वापरून: लोकर दणकट, पण कोनातल्या गाठी बघून घ्या

डाव्या बाहीचा कफ काल उसवला आणि परत विणायला घेतलाय, म्हणून आज लिहायला बसले. गेल्या आठवड्यात स्वेटर धुऊन पसरताना दिसलं की कफाच्या जरा वर करंगळी जाईल एवढं भोक पडलंय आणि त्यातून लोकरीची दोन टोकं बाहेर आलीत. आधी वाटलं कसर लागली, पण कसरीने खाल्लेलं टोक कुरतडल्यासारखं दिसतं, ही दोन्ही टोकं कात्रीने कापल्यासारखी स्वच्छ होती. म्हणजे कोनातच, लोकर ज्या शंकूवर गुंडाळून येते त्यातच, आधीपासून मारलेली गाठ सुटली.

लोकर कुठली ते शीर्षकात आहेच, ब्रिटनच्या किनाऱ्यावरचे मासेमार ज्या लोकरीचे स्वेटर घालायचे ती, घट्ट पिळाची, वर्स्टेड कातलेली. गडद निळ्याचे ५०० ग्रॅमचे दोन कोन घेतले होते. सव्वादोन मिमीच्या सुयांवर १० सेंमीत ३० टाके बसत होते, म्हणजे काम किती सावकाश झालं असेल ते विणणाऱ्यांना सांगायला नको. विणताना बोटं निळी व्हायची आणि लोकर हाताला सुतळीसारखी लागायची. पहिला महिनाभर तर मला वाटत होतं की पैसे वाया गेले, गळ्याशी टोचायचं, अंगावर पुठ्ठा घातल्यासारखं वाटायचं.

ते मत मी आता मागे घेते. तीन धुण्यांनंतर लोकर फुलली, टाके एकमेकांत बसले, टोचणंही बरंच कमी झालं. आणि कोपर! आठ महिने टेबलावर कोपरं घासून एक गोळा आलेला नाही. माझ्या मऊ मेरिनो स्वेटरला दोन महिन्यांत काखेत आणि कोपरावर गोळे आले होते. वर्स्टेड कातताना लोकर विंचरून आखूड तंतू काढून टाकतात, लांब तंतू एका दिशेने ठेवून पीळ देतात, त्यामुळे लव सुटायला मोकळी टोकंच कमी उरतात.

पण गाठीचं दुखणंही तिथूनच येतं, आणि हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं. केसाळ लोकरीत गाठ मारली तर तंतू एकमेकांना धरून ठेवतात, ही लोकर गुळगुळीत असल्यामुळे गाठ धुताना हळूहळू सरकत सरकत सुटते. पहिल्या कोनात दोन गाठी होत्या, दुसऱ्यात पाच! विकणाऱ्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं की एवढ्या गाठी चालतात. कशा चालतात? वीस वर्षं टिकावा म्हणून माणूस एवढ्या बारीक सुयांवर महिनोन् महिने विणतो, त्यात सुटणारी गाठ चालेल कशी? तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा तेच उत्तर, तेव्हा सोडून दिलं. सहा गाठी कापून दहा-दहा सेंमी टोकं आत ओवली होती, ही एक घट्ट दिसली म्हणून तशीच विणली, तीच सुटली.

वाचवलं ते जुन्या पद्धतीने. या स्वेटरची बाही खांद्याशी टाके उचलून खाली मनगटाकडे विणतात, त्यामुळे कफाच्या टोकापासून उसवत भोकापर्यंत गेलं की झालं, स्वेटरच्या मुख्य भागाला हातही लावावा लागत नाही. उसवलेल्या लोकरीची लडी केली, कोमट पाण्यात भिजवली आणि खाली छोटं वजन अडकवून वाळत टाकली, नागमोडी वळणं गेली. उरलेली कोरी लोकर मुद्दाम वापरली नाही, धुतलेल्या निळ्याशेजारी ती काळी दिसते.

मशीनमध्ये टाकू नका, आटते. काखेत कळी, म्हणजे जादा चौकोनी तुकडा, घालाच, हात वर करताना स्वेटर पोटावरून वर सरकत नाही.

परत घेईन का, तर हो, हीच लोकर घेईन, पण दुसऱ्या विक्रेत्याकडून, आणि विणायच्या आधी सगळा कोन उलगडून गुंडे करीन, जिथे गाठ तिथे गुंडा तोडीन. आत्ता कफाच्या बारा ओळी झाल्यात, दोन सुलटे दोन उलटे, अजून अठरा आहेत.