रीपर: गेमच्या चालींवर रीमिक्स करणाऱ्या हौशी मंडळींच्या दृष्टीने

संगणकावर संगीत ध्वनिमुद्रित करण्याच्या आणि जुळवण्याच्या सॉफ्टवेअरची परीक्षणे बहुतेक वेळा व्यावसायिक स्टुडिओ डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. प्रस्तुत परीक्षणाचा हेतू त्याहून मर्यादित आहे. जुन्या व्हिडिओ गेमच्या चाली घेऊन त्यांचे रीमिक्स करणारी, दिवसा नोकरी आणि रात्री घरचे झोपल्यावर हेडफोन अशी सवय असलेली जी मंडळी मुंबई-ठाणे-डोंबिवलीत आहेत, त्यांना कोकॉस या कंपनीचे रीपर हे अशा कामाचे सॉफ्टवेअर कितपत उपयोगी पडते, एवढेच येथे पाहायचे आहे. माझे मत आधीच सांगतो: मूळ चाल उलगडून पाहण्यासाठी आणि दुसऱ्याचा रीमिक्स काटेकोरपणे तपासण्यासाठी याच्या इतके सोयीचे साधन या किमतीत मला आढळलेले नाही, मात्र ज्याला उघडल्याबरोबर गोड वाजणारी वाद्ये हवी आहेत, त्याची येथे पूर्ण निराशा होईल.

संगणकावर गाणी वाजवणारा विनॅम्प हा प्रोग्रॅम बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेल यांनी पुढे रीपर उभे केले, आणि विनॅम्पचा आटोपशीरपणा यातही उतरला आहे. उतरवून घ्यायची फाइल काही मेगाबाइटांची असते, जुन्या लॅपटॉपवरही ते चटकन उघडते, आणि हवे असल्यास पेनड्राइव्हवर बसवून कोणत्याही संगणकाला जोडून चालवता येते. एकाच लॅपटॉपवर मुलांचा अभ्यास, घरचे हिशेब आणि आपला छंद अशी वाटणी असलेल्या घरात या शेवटच्या सोयीचे मोल मोठे आहे.

गेम संगीताच्या कामात पहिली अडचण लयीची येते, आणि रीपर येथे फार उपयोगी ठरते. निन्टेन्डोच्या आठ बिटांच्या यंत्रावर, म्हणजे १९८३ साली जपानात आलेल्या फॅमिकॉमवर, संगीत वाजवणारा प्रोग्रॅम बहुधा पडद्याच्या प्रत्येक फ्रेमला एक पाऊल पुढे सरकतो. तेथे लय ‘मिनिटाला किती ठोके’ या हिशेबाने ठरत नाही, तर एका स्वराला किती फ्रेम द्यायच्या यावरून ठरते. एका मात्रेचा चौथा हिस्सा सहा फ्रेमांचा धरला, तर सेकंदाला ६० फ्रेमांच्या हिशेबाने लय १५० बीपीएम, म्हणजे मिनिटाला १५० ठोके, होते. परंतु ते यंत्र प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ६०.१ फ्रेम दाखवते, त्यामुळे खरी लय १५०.२५ च्या आसपास पडते. हा फरक क्षुल्लक वाटतो, पण मूळ ध्वनिफीत एका ट्रॅकवर ठेवून दुसऱ्या ट्रॅकवर आपली वाद्ये रचत गेल्यास तीन मिनिटांच्या शेवटी दोन्हींत जवळपास पाऊण मात्रेचे अंतर पडलेले असते. रीपरमध्ये लय दशांशात लिहिता येते, आणि जेथे मूळ चाल मुद्दाम संथ होते तेथे लयीचे वेगळे टप्पेही रोवता येतात. ज्यांच्या रीमिक्समध्ये ढोलाचा ठेका मूळ चालीपासून हळूहळू सुटत जातो, त्यांनी आपल्या कानाला दोष देण्याआधी ही एक नोंद तपासावी.

याच ठिकाणी आपल्या पिढीच्या आठवणीचाही एक घोळ आहे. समुराई किंवा लिटल मास्टर या नावांनी आपल्याकडे विकली गेलेली यंत्रे, तशीच ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारी बिननावाची यंत्रे, ही फॅमिकॉमच्या नकला होत्या. भारतातील टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला २५ पूर्ण चित्रांचे म्हणजे ५० फील्डांचे. त्या टीव्हीसाठी बनवलेल्या नकली यंत्रात फ्रेम सेकंदाला ५० असल्यास वर सांगितलेली १५० ची लय १२५ वर येते. शिवाय अशा अनेक नकली चिपांमध्ये चौकोनी तरंगाचे २५ टक्के आणि ५० टक्के (प्रत्येक आवर्तनात तरंग जितका वेळ वर राहतो ते प्रमाण) हे दोन आकार एकमेकांच्या जागी गेलेले असत. परिणामी मूळ यंत्रात जो स्वर नाकातून आल्यासारखा धारदार असे तो आपल्याकडे पोकळ व गोल वाजे, आणि जो गोल असे तो धारदार. मूळ जपानी यंत्रावरून घेतलेली ध्वनिफीत ऐकून ‘लहानपणी हे असे वाजत नव्हते’ असे कोणी म्हणाले, तर त्याचे म्हणणे बहुतेक वेळा खरे असते. रीपरमध्ये ध्वनिफितीचा वेग पट्टी न बदलता कमी करता येतो, आणि जेएसएफएक्स नावाच्या सोयीमुळे आपल्याला हवा तो तरंग थोड्या ओळींचा मजकूर लिहून स्वतः तयार करता येतो. त्यामुळे रीमिक्स जपानी मुळाशी प्रामाणिक ठेवायचा की चाळीतल्या आठवणीशी, हा निर्णय रीमिक्सकाराच्या हातात येतो. मला दुसरा पर्याय अधिक रोचक वाटतो, पण तो निवडणाऱ्याने तसे सांगून टाकावे, म्हणजे लय चुकली असा आक्षेप घेणाऱ्याचा वेळ वाचेल.

चाल उलगडताना रीपरचा दुसरा मोठा उपयोग होतो. फॅमिकॉमच्या चिपमध्ये आवाजाच्या पाचच वाटा (चॅनेल) आहेत: दोन चौकोनी तरंगाच्या, एक त्रिकोणी तरंगाची, एक खरखरीची आणि एक छोट्या ध्वनिनमुन्यांची. त्रिकोणी तरंगाला आवाज कमी-जास्त करण्याची सोयच नाही. एवढ्या तुटपुंज्या साधनांत भारदस्तपणा यावा म्हणून त्या काळचे संगीतकार दुसऱ्या चौकोनी वाटेवर पहिलीचीच चाल किंचित उशिरा आणि हळू आवाजात वाजवत व प्रतिध्वनीचा भास निर्माण करत. फॅमिस्टुडिओसारख्या मोफत साधनातून वाटा सुट्या काढून रीपरमध्ये एकाखाली एक मांडल्या की ही युक्ती उघड्या डोळ्यांनी दिसते. नवख्या माणसाचा घात नेमका येथे होतो. तो मिडी फाइल, म्हणजे आवाज नव्हे तर कोणता स्वर केव्हा वाजवायचा याच्या सूचना असलेली फाइल, जशीच्या तशी घेतो, पहिल्या वाटेला बासरी आणि दुसरीला व्हायोलिन देतो, वर दोन्हींना भरपूर रिव्हर्ब (घुमारा) लावतो. मग व्हायोलिन बासरीच्या मागे अडखळत धावते आणि ऐकणाऱ्याला वादक बेताल वाटतो. ती दुसरी वाट काढून टाकून तिच्या जागी खरा प्रतिध्वनी लावणे हाच योग्य मार्ग आहे, आणि रीपरसोबत येणारा रीडिले हा प्रतिध्वनीचा इफेक्ट त्यासाठी पुरेसा आहे. १९९० साली आलेल्या सुपर फॅमिकॉमच्या बाबतीत तर तो अधिकच नेमका बसतो. त्या यंत्रात आठ आवाज, ध्वनीसाठी एकूण ६४ किलोबाइट स्मृती, आणि प्रतिध्वनीची लांबी १६ मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी वाढणारी. प्रत्येक टप्प्याला त्याच स्मृतीतले दोन किलोबाइट खर्ची पडत. म्हणजे प्रतिध्वनी लांबवायचा तर वाद्यांचे नमुने आखूड करावे लागत. रीडिलेमध्ये ९६ किंवा ११२ मिलिसेकंद असे १६ च्या पटीतले आकडे लिहून पाहिल्यास त्या गेमांचा ओळखीचा अवकाश बराचसा हाती येतो.

वाद्यांच्या बाबतीत मात्र रीपर म्हणजे भाड्याने मिळालेली हवेशीर पण रिकामी खोली आहे. सोबत येणारा रीसिंथ हा सिंथेसायझर प्राथमिक स्वरूपाचा आहे, आणि रीसॅम्प्लोमॅटिक या भारदस्त नावाचे साधन आपण दिलेला नमुना वाजवते, स्वतःजवळचे काही देत नाही. व्हायटलसारखे मोफत सिंथेसायझर किंवा स्पिटफायर लॅब्जची मोफत वाद्ये बाहेरून आणून बसवावी लागतात. आपल्या मातीतली वाद्ये हवी असतील तर तीही गैरसोय राहतेच. तबल्याचे मोफत नमुने बहुतेक एकाच जोराने वाजवलेले असतात, त्यात बायाची मींड नसते, आणि ‘धा’ दर वेळी हुबेहूब तसाच पडला की दुसऱ्या आवर्तनातच कान कंटाळतो. ज्याच्याकडे घरात पेटी आहे किंवा गणपतीत बेंजो वाजवणारा शेजारी आहे, त्याने सरळ मायक्रोफोन लावून ध्वनिमुद्रण करावे. या कामात रीपर फारच उत्तम आहे. सातव्या आवृत्तीपासून एकाच ट्रॅकवर अनेक प्रयत्न एकाखाली एक ठेवून प्रत्येकातला चांगला तुकडा निवडता येतो, आणि पंखा, कुकरची शिट्टी, खालून जाणारा भोंगा यांनी बिघडलेली ओळ तेवढीच बदलता येते.

आता तपासणीविषयी. माझ्या मते रीपरचा खरा कस या कामात लागतो, आणि कोणत्याही जाहिरातीत हा उपयोग सांगितलेला मी पाहिलेला नाही. आपल्याकडे मित्राने रीमिक्स पाठवला की उत्तर ठरलेले असते: ‘मस्त झालाय, फक्त मधे थोडे काहीतरी कमी वाटते.’ या वाक्यावरून करणाऱ्याला एकही स्वर बदलता येत नाही. रीमिक्सची फाइल रीपरमध्ये घेऊन ऐकता ऐकता एक कळ दाबत गेले की त्या त्या क्षणी खूण पडते. तिला देवनागरीत नावही देता येते. ‘येथे बेस आणि ढोल एकमेकांवर बसतात’, ‘अंतऱ्यात जोर वाढायला हवा होता’, ‘हा स्वर मुळात कोमल आहे’ अशा खुणांची यादी वेळेसह पाठवली की वादाला जागा उरत नाही, निदान वाद नेमक्या सेकंदावर होतो.

त्याहून उपयुक्त आहे ती विभागांची सोय. मूळ चाल जेथे जेथे ओळखू येते तेवढ्या भागांना एका रंगाचे विभाग करायचे आणि उरलेल्यांना दुसऱ्या रंगाचे; विभागांच्या खिडकीत प्रत्येकाची लांबी लिहिलेली असते, तिची बेरीज केली की रीमिक्समध्ये मूळ चाल किती आणि स्वतःची भर किती हे आकड्यात कळते. एका परिचिताने १९८९ सालच्या गेमबॉय टेट्रिसमधली चाल, जी मुळात एकोणिसाव्या शतकातले रशियन लोकगीत आहे, बेंजो पार्टीच्या सहा मात्रांच्या ठेक्यात बसवली होती. ऐकणारे सगळे खूश होते, पण विभाग पाडून पाहिल्यावर दिसले की चाल निम्म्याहून कमी वेळ होती आणि बाकीचा वेळ नुसता ठेका. शिवाय चार मात्रांची चाल सहात नेताना प्रत्येक स्वर सारखाच ताणला होता, त्यामुळे समेवर यायला हवा तो स्वर समेच्या आधीच संपत होता. हे दोन्ही दोष आनंदाच्या भरात कोणाच्याही लक्षात आले नव्हते. चाल सुधारून घेतल्यावर तोच तुकडा नाचण्याजोगा झाला. आवाजाच्या पातळीचेही असेच आहे: फाइल न बनवता नुसता हिशेब करण्याची सोय वापरली की संपूर्ण तुकड्याचे सरासरी लाउडनेस आणि सर्वोच्च टोक समोर येते. यूट्यूब मोठ्या आवाजाचे तुकडे उणे १४ एलयूएफएसच्या (लाउडनेसचे एकक) आसपास खाली ओढते, तेव्हा लिमिटरने, म्हणजे आवाजाची टोके दाबणाऱ्या इफेक्टने, चाल चेपून उणे सातवर नेण्याचा खटाटोप व्यर्थ आहे, हे त्या आकड्याकडे बोट दाखवून सांगता येते.

संपूर्ण प्रोजेक्टच पाठवायचा असेल तर रीपरची प्रोजेक्ट फाइल साधी मजकुराची असते, आणि जतन करताना सर्व ध्वनिफिती त्याच फोल्डरमध्ये गोळा करण्याचा पर्याय असतो. अडचण एवढीच, की दोघांकडे तीच बाहेरची वाद्ये नसतील तर निम्मे ट्रॅक मुके उघडतात. त्यामुळे पाठवण्यापूर्वी ते फ्रीझ करून ध्वनिरूपात गोठवण्याची शिस्त लावून घ्यावी लागते.

तक्रारीची मोठी जागा म्हणजे मिडी संपादक. तो वेगळ्या खिडकीत उघडतो, बटणे बारीक आणि अनाकर्षक आहेत, आणि स्वरांचा जोर कमी-जास्त करण्याचे काम, जे गेमच्या निर्जीव मिडीत जीव आणण्यासाठी सर्वांत अधिक करावे लागते, ते येथे कंटाळवाणे आहे. आज्ञांची यादी हजारोंच्या घरात जाते. त्यातून आपल्याला लागणाऱ्या दहा-बारा शोधून त्यांना कळा नेमून देईपर्यंत पहिले काही आठवडे वैतागात जातात. मदतपुस्तिका सविस्तर आहे, पण ती इंग्रजीत आहे आणि ध्वनिशास्त्राची ओळख गृहीत धरते. एफएल स्टुडिओ या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरचा पियानो रोल, म्हणजे स्वर मांडण्याची खिडकी, याबाबतीत निःसंशय सरस आहे. ठोक्यांवर आधारलेले, नृत्यासाठीचे रीमिक्स करणाऱ्याने त्याचाच विचार करावा, फक्त त्याच्या चाचणी आवृत्तीत जतन केलेला प्रोजेक्ट पुन्हा उघडता येत नाही हे ध्यानात ठेवावे. एलएमएमएस हे तिसरे सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत आहे, पण प्रत्यक्ष गळा किंवा पेटी ध्वनिमुद्रित करायची असेल तर ते पुरे पडत नाही.

किमतीचे म्हणाल तर वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरचा, म्हणजे पाच हजार रुपयांहून थोडा अधिक आहे. संगीतातून वर्षाला २०,००० डॉलरहून जास्त मिळकत असलेल्यांसाठी तो २२५ डॉलरचा आहे, आणि गेमच्या चालींचे रीमिक्स करून त्या गटात गेलेला हौशी माणूस अद्याप माझ्या पाहण्यात नाही. दोन्ही परवान्यांत सॉफ्टवेअर तेच मिळते. चाचणीचे ६० दिवस सर्व सोयी खुल्या असतात आणि त्यानंतरही ते बंद पडत नाही, फक्त उघडताना काही सेकंद थांबवून आठवण करून देते. त्या आठवणीकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष करणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. सातव्या आवृत्तीच्या काळात घेतलेला परवाना ८.९९ पर्यंत चालतो, त्यामुळे नवी आवृत्ती येईल म्हणून खरेदी लांबणीवर टाकण्याचे कारण नाही. फक्त पैसे भरण्याआधी एक संपूर्ण रीमिक्स चाचणीच्या मुदतीत शेवटापर्यंत नेऊन पाहावा, कारण मिडी संपादकाशी आपले जमते की नाही हे त्याआधी कळत नाही.