बारा हजार वॅटचं होम थिएटर आणि मागची छोटी पट्टी

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईचं नाटकाला जाणं बंद झालं. इंदूरच्या 'सानंद' या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या प्रयोगांना खंडवा रोडच्या सभागृहात ती वर्षानुवर्षं गेली आहे. मागच्या वर्षी म्हणाली, "आता पायऱ्या नकोत गं, घरीच बघीन." घरी टीव्ही आहे, पण त्याचा आवाज इतका पातळ की पात्रं काय बोलतात ते तिला कळत नाही. म्हणून मी आणि माझ्या भावाने ठरवलं, दिवाळीआधी आईसाठी होम थिएटर घ्यायचं. आमच्या घरातलं पहिलंच. बजेट 12,000 रुपये.

जेल रोडला गेलो. एका दुकानात नावाजलेल्या कंपनीचा साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, 11,500 ला होता आणि आम्ही तो जवळजवळ घेतलाच होता. तेवढ्यात दुकानदार म्हणाला, "दीदी, इसमें कुल 120 वॉट है. इतने ही पैसे में 12,000 वॉट का फाइव पॉइंट वन ले जाओ." शेजारीच मोठा डबा होता, त्यावर एमआरपीचं स्टिकर 32,990 चं. कंपनीचं नाव ओळखीचं वाटलं. ते एका प्रसिद्ध नावापेक्षा एका अक्षराने वेगळं आहे, हे घरी आल्यावर दिसलं.

मग डेमो. काचेच्या छोट्या खोलीत त्याने स्वतःच्या पेन ड्राइव्हवरचं ढोल-ताशाचं गाणं लावलं, बेस पूर्ण वर. छाती थरथरली. साउंडबार बाहेर काउंटरवर, बाजाराच्या गोंगाटात, हळू आवाजात चालू होता. या दोन आवाजांची तुलना होऊच शकत नाही, हे मला तिथे सुचलं नाही. माझ्या मोबाइलमध्ये नाटकाचं रेकॉर्डिंग होतं. आईला ऐकायचे होते संवाद, आणि मी ऐकून आले ढोल. ही चूक माझी, ती मी कबूल करते.

मोठा सेटच घ्यायचं ठरलं. बिलाच्या वेळी दुकानदार म्हणाला, "पक्का बिल लोगे तो 18 परसेंट जीएसटी अलग, 13,570 पड़ेगा. वॉरंटी कार्ड तो है ही." बजेट ओलांडत होतं म्हणून आम्ही कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानलं. चिठ्ठीवर दुकानाचं नावही नव्हतं, फक्त शिक्का: बिका हुआ माल वापस नहीं होगा. यूपीआयने पैसे दिले तेव्हा पडद्यावर दुकानाचं नाव न येता कुणा माणसाचं नाव आलं. भावाने विचारलं, तर "मेरे भाई का खाता है" म्हणाला.

घरी जोडलं. ढोल वाजले. आईने नाटक लावलं आणि पाच मिनिटांत म्हणाली, "मागचं संगीत खूप येतंय, बोलणं कुठंय?" आवाज वाढवला तर खोली घुमायला लागली, शब्द तरीही कळेनात. दोन दिवस तिने काही न बोलता ऐकलं. तिसऱ्या दिवशी तिने टीव्हीचाच आवाज परत लावला.

रामबागेत आमच्या ओळखीचे एक काका आहेत, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी सेट उलटा केला आणि पहिल्यांदा मागची छोटी पट्टी वाचली. बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, 55 वॅट. काका म्हणाले, "अगं, भिंतीतून 55 वॅट घेणारं यंत्र बाहेर 12,000 कुठून देईल? त्या 55 मधलेही बरेच उष्णतेत जातात." डब्यावरचा आकडा पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा होता. तो मोजायची ठरलेली अशी पद्धतच नाही, छापणाऱ्याला हवा तो आकडा. खरा उपयोगी आकडा आरएमएस, म्हणजे यंत्र सतत देऊ शकेल ती ताकद. अमेरिकेत ॲम्प्लिफायरच्या जाहिरातींतल्या अशाच फुगवलेल्या वॅटवर सरकारला 1974 मध्ये नियम करावा लागला होता. आणि काकांनी सांगितलेली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम कळेल इतका. दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट ताकद लागते. आपल्या घरच्या खोलीला मोजके खरे वॅट पुरतात.

मग त्यांनी झाकण काढलं. आत टीडीए 2030 या जुन्या, स्वस्त आयसी, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या चिप. अशी एक आयसी 14 वॅटच्या आसपास देते. उंच स्पीकरांत वर जो चकचकीत गोल ट्वीटर (बारीक, उंच स्वरांचा छोटा स्पीकर) दिसत होता, त्याच्या मागे तारच नव्हती. प्लास्टिकची टोपी चिकटवलेली.

खरी गोम मात्र पाच स्पीकरांची होती. फाइव्ह पॉइंट वन म्हणजे समोर डावा, उजवा, मधला, मागे दोन, आणि 'पॉइंट वन' म्हणजे खर्जाचा वेगळा वूफर. संवाद बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतात, म्हणून तो वेगळा असावा लागतो. सहा वेगळे आवाज यंत्रापर्यंत पोहोचवायला टीव्हीकडून एचडीएमआय एआरसी किंवा ऑप्टिकल ही डिजिटल आवाज नेणारी केबल यावी लागते आणि यंत्रात डॉल्बी डिजिटल, म्हणजे एकत्र बांधलेले ते सहा आवाज, उलगडणारा डिकोडर असावा लागतो. आमच्या सेटला मागे फक्त लाल आणि पांढरी पिन होती, म्हणजे दोनच आवाज आत जाणार. तेच दोन आवाज पाचही स्पीकरांत वाटून टाकलेले. मागच्या स्पीकरला कान लावला, तर समोरच्या डाव्यातलं जसंच्या तसं. आईला जो मधला आवाज हवा होता, तो या सेटमध्ये नव्हताच.

परत गेलो. दुकानदार शांतपणे म्हणाला, "आपने सुनके लिया है." वॉरंटी कार्डावरचा फोन बंद. डब्यावर उत्पादकाचा किंवा आयात करणाऱ्याचा पत्ता नाही, महिना-वर्ष नाही. पॅकबंद मालावर हे छापणं 2011 च्या नियमांनुसार बंधनकारक आहे, आणि एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात. स्टिकर मात्र भलंमोठं होतं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर फोन केला. तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला: बिल आहे का? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत जाता येतं. पण कच्च्या चिठ्ठीवर दुकानच नाही, तर तक्रार कुणाविरुद्ध? यूपीआयचा पुरावा आहे, पण तो भलत्याच नावाने. 18 टक्के वाचवण्याच्या नादात हातातला पुरावाच आम्ही सोडून आलो होतो. तक्रार क्रमांक दाखवल्यावर दुकानदाराने 4,000 रुपये परत करून सेट ठेवून घ्यायची तयारी दाखवली. आम्ही नाही म्हटलं. तक्रार अजून चालू आहे.

सध्या काकांनी त्यांचा जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि दोन साधे स्पीकर आम्हाला वापरायला दिले आहेत. ते टीव्हीच्या दोन बाजूंना, आईच्या कानाच्या उंचीवर ठेवले. दोनच स्पीकर, पण शब्द स्पष्ट येतात. परवा तिने एक जुनं नाटक पहिल्या अंकापासून पडदा पडेपर्यंत ऐकलं, आणि एका वाक्याला माझ्या आधी हसली.

कुणी असा सेट घेऊन बसला असाल तर दुकानात जाण्याआधी मागच्या पट्टीचा, स्टिकरचा, पिनांचा आणि वॉरंटी कार्डाचा फोटो काढा. आमच्या दुकानदाराने बोलता बोलता सेट आत नेऊन ठेवायचा प्रयत्न केला होता. भावाने तो धरून ठेवला, म्हणून ती 55 वॅटची पट्टी आज आमच्याकडे आहे.