कुंडातला जीवाणू वाढवायचा, की पाण्याचा डीएनए थेट वाचायचा?

दापोलीजवळच्या उन्हवऱ्याच्या गरम झऱ्याचं (कुंडाचं) पाणी साधारण ७० अंशांचं. ते बाटलीत भरून आणलं की दोन वाटा फुटतात. एक, त्यातला एकच जीवाणू प्लेटवर (बशीतल्या घट्ट खाद्यावर) वाढवून त्याचा जनुकसंच, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, वाचायचा. दुसरी, पाण्यात आहे तो सगळा डीएनए एकदम वाचायचा, म्हणजे मेटाजिनोम. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला वेळ कमी म्हणून हल्ली दुसरीकडे ओढा असतो. माझा कौल पहिलीला.

आधी हिशोब. थर्मस थर्मोफिलस या गरम पाण्यातल्या जीवाणूचा जनुकसंच जेमतेम २१ लाख अक्षरांचा, म्हणजे डीएनएच्या ए, टी, जी, सी या घटकांचा (तो २००४ साली प्रसिद्ध झाला). प्रत्येक अक्षर सरासरी १०० वेळा वाचायचं तर २१ कोटी अक्षरं पुरतात. पण त्याचा वाटा कुंडातल्या एकूण डीएनएच्या एकच टक्का असेल, तर त्याचं प्रत्येक अक्षर तितक्याच वेळा वाचायला २,१०० कोटी लागतील. शिवाय हाती येतात ते तुकडे; कोणता तुकडा कोणाचा हे संगणकाने लावलेल्या अंदाजावर ठरतं.

वाढवण्याचा त्रास मात्र खरा आहे. ७० अंशांना अगरच्या (खाद्य घट्ट करणाऱ्या पदार्थाच्या) प्लेट सुकतात, मऊ पडतात. तिथे उष्णतेत टिकणारा जेलन गम वापरा. भराभर उगवतो तो बहुतेकदा जिओबॅसिलस हा जीवाणू, म्हणजे शेतातलं तणच. त्याचे बीजाणू (सुप्त, टिकाऊ पेशी) थंड मातीतही सापडतात, त्यामुळे ‘कुंडातला जीवाणू’ म्हणून मिरवण्याआधी दोनदा विचार करा. मेटाजिनोमलाही हा प्रश्न सुटत नाही: मेलेल्या पेशींचा आणि अंघोळीला उतरलेल्यांच्या अंगावरचा डीएनए त्यातही येतो. नमुना झऱ्याच्या तोंडाशीच घ्यावा.

हवंय काय, त्यावर ठरवा. ‘इथे कोण कोण राहतं’ एवढंच विचारायचं असेल, तर मेटाजिनोमला तोड नाही. न वाढणारे कितीतरी जीवाणू त्यातच दिसतात. एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) हवं असेल तर जिवंत जीवाणू जवळ असलेला बरा. ब्रॉक आणि फ्रीझ या संशोधकांनी अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतला थर्मस ॲक्वाटिकस वाढवून १९६९ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून पुढे पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीला, टॅक पॉलिमरेज हे उष्णतेत टिकणारं एन्झाइम मिळालं. त्या वेळी डीएनए वाचायची सोयही नव्हती.

डीएनए वाचणाऱ्या यंत्राचं थोडक्यात. इल्युमिना यंत्राचे वाचन-तुकडे साधारण १५० अक्षरांचे, अचूक. पण राइबोसोमच्या (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेच्या) जनुकांचा गट पाचेक हजार अक्षरांचा आणि एकाहून जास्त ठिकाणी असतो, तिथे जोडणी तुटते. थर्मसमध्ये जी आणि सी ही अक्षरं मिळून जवळपास ६९ टक्के. लायब्ररी (वाचनासाठी तयार केलेले डीएनएचे तुकडे) पीसीआरने वाढवली, तर जी-सी जास्त असलेले भाग कमी वाचले जातात. नॅनोपोर या दुसऱ्या यंत्राचे तुकडे हजारो अक्षरांचे, जीवाणूच्या डीएनएचं वर्तुळ पूर्ण जुळतं, मोठा प्लाझ्मिड (मुख्य डीएनएहून सुटा असलेला डीएनए) वेगळा कळतो. पण एकच अक्षर ओळीने अनेकदा आलं की मोजणी चुकू शकते. पैसे असतील तर दोन्ही, नसतील तर शुद्ध कल्चरसाठी (एकट्या वाढवलेल्या जीवाणूसाठी) मी नॅनोपोर घेईन.

आणि कुंडावर जाताना दोन्ही दारं उघडी ठेवता येतात. मेटाजिनोमसाठी एका बाटलीतलं पाणी तिथेच ०.२२ मायक्रॉनच्या, जीवाणू अडकतील अशा फिल्टरमधून गाळून फिल्टर कोरड्या बर्फात टाका. जीवाणू वाढवण्यासाठी दुसरी बाटली बर्फापासून लांब, पिशवीत तशीच.