तणावमुक्ती शिबिर: झोप परत आली, पण तो तक्ता काढून टाका

पाचपैकी दोन तारे देतेय, आणि ते दोन्ही मनापासून. शिबिराचं नाव लिहीत नाही. असा कार्यक्रम घेणारी बरीच मंडळी आहेत आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांनाच लागू आहे.

मी बँकेत कॅशियर होते. निवृत्तीनंतर दोन महिन्यांत डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं, आता रोजची गोळी चालू आहे. झोप मात्र पार उडाली होती, म्हणून नणंदेनं हे शिबिर सुचवलं. पुण्यापासून दीड तासावर, तीन दिवस, राहण्या-जेवणासह साडेनऊ हजार. आम्ही बावीसजणी होतो, बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या.

आधी चांगलं सांगते. खोल्या स्वच्छ होत्या आणि गरम पाणी कधीही मिळायचं. काखेतल्या गाठी काढल्यावर हात वर जात नाही, हे योग शिकवणाऱ्या ताईंना मी न सांगता कळलं. भिंतीवरून बोटं हळूहळू वर कशी चढवायची ते त्यांनी मला वेगळं बसवून शिकवलं. जेवणानंतर अंगणात गप्पा व्हायच्या. पहिल्याच रात्री एकीनं केसांचा टोप काढून मांडीवर ठेवला, आणि मग कुणालाच काही लपवावंसं वाटलं नाही. दुसऱ्या रात्री मी सलग सहा तास झोपले. पैसे तिथंच वसूल झाले.

तक्ता मिळाला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. होम्स आणि राहे या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९६७मध्ये केलेली ही ताण देणाऱ्या त्रेचाळीस प्रसंगांची यादी. जोडीदाराचा मृत्यू १०० गुण, घटस्फोट ७३, जवळच्या माणसाचा मृत्यू ६३, निवृत्ती ४५. मूळ यादीत नाताळला १२ आहेत, इथं त्या जागी दिवाळी होती. बेरीज करायची आणि ‘आपली गाठ कुठून आली’ ते ओळखायचं.

मी आईच्या मृत्यूचे ६३, निवृत्तीचे ४५ आणि दिवाळीचे १२ लिहिले. स्वतःच्या आजारपणाचेही ५३ लिहायला लावले, म्हणजे आजारच आजाराचं कारण झाला. मग मार्गदर्शक म्हणाले, “मुलीचा घटस्फोट झालाय ना? आईचं काळीज वेगळं नसतं. ७३ धरा.” मी धरले. बेरीज २४६ आली.

शेवटच्या दिवशी मुलगी न्यायला आली. पिशवी उचलताना तिला तो कागद दिसला. गाडीत ती काहीच बोलली नाही. घरी आल्यावर चहा ठेवता ठेवता म्हणाली, “आई, माझ्यामुळे झालं का गं तुला?”

त्याच आठवड्यात आम्ही दोघी माझ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिलाच समोर बसवलं. गाठ हाताला लागण्याएवढी व्हायला बहुधा काही वर्षं जातात, असं त्यांनी तिला समजावलं. तिचा घटस्फोट माझ्या गाठीच्या आठ महिने आधीचा.

शिबिरात फिनलंडच्या अभ्यासाचा दाखला दिला होता. तो खरा आहे, २००३चा. १०,८०८ बायका, त्यांतल्या १८० जणींना स्तनाचा कर्करोग झाला, आणि घटस्फोट किंवा नवऱ्याचा मृत्यू सोसलेल्यांत प्रमाण जास्त दिसलं. पण तो घटस्फोट त्या बाईचा स्वतःचा, लेकीचा नव्हे. पुढचं मात्र शिबिरात कुणी सांगितलं नाही. २००५मध्ये डेन्मार्कच्या अभ्यासात जास्त ताण सांगणाऱ्या बायकांत हा आजार उलट कमी आढळला. २०१६मध्ये ब्रिटनमधल्या एक लाख सहा हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास आला. त्यांना ताणाबद्दल आजाराच्या आधीच विचारलं होतं. पुढे १,७८३ जणींना कर्करोग झाला, पण एकूण ताणाशी त्याचा संबंध सापडला नाही. आधी विचारणं महत्त्वाचं, कारण गाठ निघाल्यावर प्रत्येकजण मागचं उकरतो. मीही उकरलंच.

शोध अजून चालू असेल, चालू दे. पण पुरावा असा दोन्हीकडे ओढणारा असताना एका बाईच्या कागदावर तिच्या लेकीचं दुःख गुण म्हणून लिहायचं नसतं.

आणखी एका गोष्टीनं मला जास्त भीती वाटली. कोल्हापूरच्या एका ताईंनी विचारलं, मन मोकळं झालंय तर गोळी बंद करू का? उत्तर मिळालं, “शरीराला विचारा.” मी तिथंच उठून म्हटलं, ताई, डॉक्टरांना विचारा.

बावीस बायका तीन दिवस एका छताखाली होत्या, पण स्तनांची तपासणी करून घ्या असं एकदाही कुणी म्हणालं नाही. मुंबईत टाटा मेमोरियलनं दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला, २०२१मध्ये तो छापून आला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासलं तेव्हा आजार लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. तक्त्याच्या त्या दोन तासांत एक नर्सबाई बोलावली असती तरी चाललं असतं. आयोजकांना मी हे सगळं पत्रानं कळवलंय. योगाच्या ताईंचं कौतुकही त्यातच लिहिलंय.

झोपेसाठी जाणार असाल तर जा, तक्ता भरू नका.

कोल्हापूरच्या ताईंना मी दर रविवारी फोन करते. गोळी चालू आहे.