स्कूटर घ्यावी का बाईक? रोजच्या ये-जा साठी दोन्ही चालवून झालेलं मत

आधीच सांगतो, हे मत फक्त रोजच्या वापराबद्दल आहे. सकाळी कामावर जाणं, संध्याकाळी परत येणं, मधे दोन-तीन किरकोळ कामं. लांबच्या राईड, घाट, हायवेवर सुसाट वगैरे यात नाही. घरात १२५ सीसीची स्कूटर पण आहे आणि १२५ सीसीची बाईक पण आहे, आणि त्याच रस्त्याने, त्याच वेळेला, दोन्ही आलटून पालटून चालवतो, त्यामुळे तुलना करायला बरं पडतं. कंपन्यांची नावं मुद्दाम घेत नाहीये, कारण या साईजच्या गाड्यांमध्ये कंपनी-कंपनीत जेवढा फरक असतो त्याच्यापेक्षा स्कूटर आणि बाईक या दोन जातींमधला फरक कितीतरी मोठा आहे, आणि लोक नेमकं उलटं करतात, आधी कंपनी ठरवतात आणि मग शोरूममध्ये जाऊन उभं राहून ठरवतात की ही का ती.

बहुतेक जण विचारतात मायलेज किती, पिकअप कसा, दिसायला कशी. मला विचाराल तर दोनच गोष्टी बघा, चाकाचा साईज आणि तुमच्या डाव्या हाताला दिवसभरात किती काम पडणार. बाकी सगळं याच्या मागून येतं.

चाकापासून सुरू करू. बाईकला साधारण १७ नाहीतर १८ इंची चाक असतं, स्कूटरला १० किंवा १२. कागदावर वाचताना काही वाटत नाही पण खड्डा आला की कळतं. छोटं चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं आणि बाहेर पडताना समोरच्या कडेवर जास्त उभं आपटतं, मोठं चाक तोच खड्डा अर्धा वरच्यावर पार करतं. त्यात स्कूटरचं मागचं बाजूचं प्रकरण अजून वेगळं आहे. बाईकमध्ये इंजिन चेसीला बांधलेलं असतं आणि मागे नुसतं चाक, ते धरणारा दांडा (स्विंगआर्म), चेनचं दातेरी चक्र (स्प्रॉकेट) एवढंच खाली-वर होतं. स्कूटरमध्ये इंजिन, बेल्टचा डबा (चेनऐवजी चाकाला ताकद पोचवणारा बेल्ट) आणि चाक हे सगळं मिळून एकच गठ्ठा असतो आणि खड्डा आला की तो अख्खा गठ्ठा उडतो, एवढं वजन आवरायला बऱ्याच स्कूटरना मागे एकाच बाजूला एक शॉकअप. म्हणून स्कूटरवर खड्ड्यातून गेलं की ढाप्पकन थेट मणक्यात बसतं आणि नवीन गाडीलाही बसतं, त्याला सर्व्हिसिंग हा उपाय नाही, बनावटच तशी आहे. ज्याला कंबरेचा त्रास आहे आणि रोजचा रस्ता उखडलेला आहे त्याने डिक्कीच्या मोहात पडू नये, सरळ बाईक घ्यावी.

स्कूटरच घ्यायची असेल तर निदान पुढचं चाक १२ इंची आणि पुढे टेलिस्कोपिक शॉकअप (बाईकसारखे, नळीत नळी सरकणारे) असलेली बघा. पुढे १० इंचीवाली आणि १२ इंचीवाली लागोपाठ एकाच खराब रस्त्यावरून चालवून बघितली तर हँडलला बसणाऱ्या हिसक्यातच फरक कळतो. एक अजून, स्कूटरचं वजन मागे जास्त आणि पुढे कमी असतं, त्यामुळे ओल्या रस्त्यावर किंवा वाळू पसरलेली असेल तिथे पुढचा ब्रेक कचकन दाबला की चाक पटकन घसरतं. बाईकवर पण घसरतं, पण तिथे जरा अंदाज येतो, स्कूटरवर कळेपर्यंत तुम्ही खाली असता.

अर्थात छोट्या चाकाचा फायदा पण आहे, यू-टर्न, गल्ली, दोन गाड्यांमधली फट, पार्किंगमध्ये मागून उचलून बाजूला सरकवणं, इथे बाईक तिच्या आसपासही येत नाही.

आता डावा हात. सिग्नलला सिग्नल लागून असलेल्या रस्त्यावर बाईक चालवणं म्हणजे क्लच दाबा, पहिला टाका, हाफ क्लचवर दहा फूट जा, परत क्लच, न्यूट्रल, परत पहिला. एक-दोन सिग्नलचं कोणाला काही वाटत नाही पण गर्दी सरकत सरकत चालली असेल ना, तर संध्याकाळी घरी पोचेपर्यंत पंजा आणि मनगट बोलायला लागतं. शिकाऊ माणसाचं तर सगळं लक्ष गियरमध्येच जातं, रस्त्यावर कमी. स्कूटरमध्ये हे सगळं काम व्हेरिएटर करतो. आत रोलर असतात, इंजिनचा वेग वाढला की ते बाहेर सरकतात, पुलीच्या दोन बाजू जवळ येतात, बेल्ट वर चढतो, म्हणजे गियर आपोआप आणि एकसलग बदलत राहतो. मागे सेंट्रिफ्यूगल क्लच असतो तो ठराविक आरपीएमच्या (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) वर आपोआप पकडतो आणि खाली आला की सोडतो. तुम्ही फक्त ॲक्सिलेटर आणि ब्रेक. डावा हात मोकळा म्हणजे रिकामा नाही हं, त्याच्याकडे मागचा ब्रेक आलेला असतो, आणि कॉम्बी ब्रेक असेल तर डावा दाबला की पुढचाही थोडा लागतो. दोन्ही ब्रेक हातात असल्यामुळे खड्ड्यात पाय टेकवायची वेळ आली तरी ब्रेक सुटत नाही, बाईकवर उजवा पाय टेकवला की मागचा ब्रेक गेला.

पण या आरामाची एक बाजू शोरूममध्ये कोणी सांगत नाही. उतारावर स्कूटर हळू चालवत आणली की आरपीएम पडतो, मागचा क्लच सुटतो, आणि मग इंजिनची पकड संपते, गाडी मोकळी सुटल्यासारखी पळते. बाईकला दुसऱ्या गियरवर टाकून निवांत उतरता येतं, स्कूटरवर सगळा भार ब्रेकवर. हलकासा ॲक्सिलेटर दिला की क्लच परत पकडतो आणि थोडं इंजिन ब्रेकिंग (इंजिनच गाडीला आवरतं ते) मिळतं, ही गोष्ट माहिती नसलेले लोक पूर्ण उतार ब्रेक दाबूनच उतरतात आणि मग ड्रम ब्रेक तापून लागतच नाही म्हणतात. रोजच्या रस्त्यात मोठा उतार असेल तर हा मुद्दा लक्षात ठेवा.

अजून एक सवय बघतो सगळीकडे, चढावर सिग्नलला उभं राहिलं की ब्रेकऐवजी ॲक्सिलेटरवर स्कूटर धरून ठेवायची. मस्त बॅलन्स होतो खरं पण आत क्लच शू (क्लचचा पकडणारा भाग) घासत असतो, तापतो, गुळगुळीत होतो आणि मग सुरुवातीला गाडी थरथरत उचलते. मग मेकॅनिककडे जाऊन इंजिन खराब झालं म्हणून तक्रार. इंजिनला काही झालेलं नसतं.

मायलेजचं म्हणाल तर बाईक जिंकते, यात वाद नाही. १०० ते १२५ सीसीची साधी बाईक नीट चालवली तर ५५-६५ च्या आसपास देते, स्कूटर ४०-५० मध्ये असते. कारण सोपं आहे, चेन जवळपास सगळी ताकद चाकाला पोचवते, बेल्टमध्ये घर्षणात आणि उष्णतेत बरीच जाते. शिवाय इंजिन प्लास्टिकच्या आड झाकलेलं असल्यामुळे बऱ्याच स्कूटरना थंड ठेवायला पंखा असतो, तो पण इंजिनच फिरवतं. आणि टाकीतला फरक मायलेजच्या फरकापेक्षा जास्त जाणवतो, स्कूटरची टाकी ५-६ लिटरची आणि बाईकची १० च्या आसपास, म्हणजे बाईकवाला पंपावर कधी गेला होता हे विसरतो आणि स्कूटरवाला दर थोड्या दिवसांनी लायनीत. तरी पण नुसत्या मायलेजवर निर्णय घेऊ नका. रोजचं अंतर दहा-बारा किलोमीटर असेल तर महिन्याला पडणारा फरक अगदी थोड्या लिटरचा आहे, करा गणित. अंतर चाळीसच्या पुढे गेलं की मग मात्र ते दिसायला लागतं, आणि तेवढ्या अंतराला चाकाचा मुद्दा पण बाईकच्याच बाजूने जातो.

मेंटेनन्समध्ये दोघींचा स्वभाव वेगळा. बाईक सतत थोडं थोडं मागते, स्कूटर बराच काळ काही मागत नाही आणि मग एकदम मागते. चेनला दर ५०० किमीला साफसफाई आणि ल्यूब, पावसात त्याआधीच, ढिली झाली की ॲडजस्ट, आणि केलं नाही तर खडखड आणि पँटला काळे डाग. स्कूटरचा बेल्ट झाकलेला, धूळ नाही पाणी नाही, साधारण वीस-पंचवीस हजार किलोमीटरला बदलायचा असतो (आकडा आपापल्या मॅन्युअलमध्ये बघा), पण त्याच वेळी रोलर आणि क्लच शू पण बघावे लागतात आणि बिल एकदम येतं. बेल्ट तुटला तर तुम्ही रस्त्याच्या कडेला, काही करता येत नाही. स्कूटरचे टायर पण लवकर जातात, छोटं चाक तेवढ्याच अंतराला जास्त फेरे घेतं. आणि मागचं चाक काढायला बऱ्याच स्कूटरमध्ये सायलेन्सर सोडवावा लागतो, म्हणून ट्यूबलेस टायर नसेल तर घेऊच नका.

ऑईलबद्दल बोलणं गरजेचं आहे कारण इथे दुकानात पण गोंधळ असतो. बाईकचा क्लच इंजिन ऑईलमध्येच बुडालेला असतो, म्हणून तिला डब्यावर जासो (दुचाकीच्या ऑईलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं ऑईल लागतं. स्कूटरचा क्लच कोरडा, वेगळ्या डब्यात, तिला जासो एमबी चालतं, ते जास्त सरकतं असतं आणि थोडं मायलेजला पण बरं. उलटं झालं तर स्कूटरचं फार बिघडत नाही, पण बाईकमध्ये एमबी पडलं की क्लच स्लिप व्हायची शक्यता. आमच्या बाईकला एका सर्व्हिस सेंटरने असंच काहीतरी ओतून दिलं होतं, आरपीएम वाढायचा आणि गाडी जागची हलायला वेळ घ्यायची, आणि वर क्लच प्लेट बदला म्हणाले. दुसरीकडे नेऊन ऑईल बदललं, प्रश्न मिटला.

सामानाचं काय लिहायचं, स्कूटर इथे एकतर्फी. डिक्की, पुढचा हुक, फूटबोर्ड, रेनकोट कायम आत पडलेला. फक्त फुल फेस हेल्मेट डिक्कीत मावतं असं गृहीत धरू नका, बऱ्याच गाड्यांमध्ये मावत नाही, आपलं हेल्मेट घेऊन जा आणि सीट बंद करून बघा. पावसात पुढच्या पत्र्यामुळे पाय बऱ्यापैकी वाचतात हे पण आहेच. बाईकवर पाठीला सॅक, घाम, नाहीतर मागे बॉक्स लावा.

गंमत अशी आहे की स्कूटर जन्मालाच आली बाईकबद्दलच्या तक्रारींतून. १९४६ मध्ये पियाजिओने व्हेस्पा आणली ती डिझाईन करणारा कोराडिनो दास्कानिओ मुळात विमानांचा इंजिनियर. चेन काढून टाकली, इंजिन झाकलं, पुढे पाय ठेवायला जागा केली, पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं म्हणजे पंक्चर झालं तर पटकन निघेल. चाक होतं ८ इंची! आणि मग १९५८ मध्ये होंडाची सुपर कब आली, तिने माझे दोन्ही मुद्दे एकाच गाडीत सोडवले, १७ इंची चाक आणि क्लचची दांडीच नाही, गियर पायाने टाका, क्लच आपोआप, म्हणजे एका हातात डबे धरून डिलिव्हरी करणाऱ्या पोरालाही चालवता यावी. २०१७ पर्यंत दहा कोटींच्या वर गाड्या बनल्या तिच्या. रोजच्या वापराला इतकं सरळ उत्तर दुसऱ्या कोणाला सापडलं नाही असं माझं मत, तुमच्याकडे तसली गाडी मिळत असेल तर हा रिव्ह्यू सोडून ती बघायला जा.

इलेक्ट्रिक स्कूटर मी फक्त मित्राची चालवली आहे. सिग्नलवरून जी उचलते ती पेट्रोलवाल्या दोन्ही गाड्यांना जमत नाही, बेल्ट-ऑईलची भानगड कमी, आवाज नाही. पण चाक तेच छोटं, आणि मोटर चाकातच बसवलेली असेल तर खड्ड्यातला दणका अजून वाढतो. जोरात पळवली की रेंज भराभर उतरते. घरी चार्जिंगची सोय असेल आणि रस्ता बरा असेल तर विचार करण्यासारखी आहे.

मग मी काय वापरतो? गर्दीचा, सिग्नलवाला, बरा डांबरी रस्ता असेल त्या दिवशी स्कूटर, डोळे झाकून. खोदकाम चालू असलं किंवा मोकळा लांब रस्ता असला की बाईक. एकच घ्यायची असती आणि घरात अजून कोणी चालवणार असतं तर स्कूटर घेतली असती, कारण ती घरातल्या जवळपास कोणालाही चालवता येते, उंची कमी असलेल्याचे पाय टेकतात, आणि गियर शिकवत बसावं लागत नाही. एकट्यासाठी आणि रोजचं अंतर जास्त असतं तर बाईक.

टेस्ट राईडला शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर एक चक्कर मारून परत येऊ नका. घरच्या एखाद्याला मागे बसवा, तिथल्या माणसाला विचारून जवळचा सगळ्यात वाईट रस्ता शोधा आणि तिथून न्या, एक यू-टर्न घ्या, आणि मागे बसलेल्याला विचारा कसं वाटलं, कारण त्याला हँडल धरायला नसतं त्यामुळे तो खरं सांगतो. आणि हो, मेन स्टँडवर स्वतः लावून बघा, सेल्समनला लावू देऊ नका.